उपाशीपोटी साखर

डॉक्टर तिंगसोन बाईंनी माझ्या दंडावरचा पट्टा सोडला, आकडा लिहून घेतला आणि म्हणाल्या, "ताताय, प्रेशर तर आहेच. आता एकदा साखर तपासून घेऊ. उपाशीपोटी."

ताताय म्हणजे बाबा. आमच्याकडे तरुण माणसं वडीलधाऱ्यांना सरसकट ताताय म्हणतात आणि एरवी मला ते आवडतं. पण दवाखान्यात कुणी प्रेमानं बाबा म्हटलं की पुढचं वाक्य वाईट असतं, असा माझा अनुभव आहे.

"मला साखर नाही," मी सांगितलं.

"कशावरून?"

"असती तर मला कळलं असतं."

"प्रेशर झालं तेव्हा कळलं होतं का? तुम्ही तर चष्म्यासाठी आला होतात."

बाईंनी शांतपणे समजावलं, की प्रेशरवाल्या माणसांत साखर पुष्कळदा गुपचूप येऊन बसलेली असते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून प्रत्येकाला ती मुद्दाम बघावी लागते. त्यांचा आवाज फार गोड होता. आमच्या नेग्रोस बेटावर सगळ्यांचाच असतो. भांडतानासुद्धा माणसं गाणं म्हटल्यासारखी बोलतात, त्यामुळे आपल्याला धमकी मिळाली की आशीर्वाद, हे घरी गेल्यावर कळतं.

मी इतका का घाबरलो हे कळायला माझी नोकरी सांगायला हवी. मी नगरपालिकेत जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसतो. जन्म रोमुलोकडे आहेत, कारण तो तरुण आहे आणि आयांशी गोड बोलतो. मृत्यू माझ्याकडे. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहायला ओळी असतात. वरच्या ओळीत हृदय, मेंदू नाहीतर मूत्रपिंड, आणि खालच्या ओळींत ठरलेली जोडी, रक्तदाब आणि मधुमेह. एक टाईप केलं की बोट आपसूक दुसऱ्याकडे वळतं. कुणाच्या कागदावर त्यातलं एकच दिसलं तर मी मूळ कागद पुन्हा बघतो, दुसरं माझ्याकडून राहून गेलं की काय म्हणून. अशा माणसाला, तुमच्याकडे एक आहे, आता दुसरं बघू, असं कुणी सांगितलं तर तो दवाखान्यातून घरी कसा जाईल? मी सावलीसावलीनं गेलो. उन्हात घाम आला असता तर तोही मला लक्षण वाटला असता.

घरी माझी बायको साल्वा गावच्या संताच्या जत्रेच्या तयारीत होती. तिला मी सगळं सांगितलं. ती भाताचं पातेलं उतरवत म्हणाली, "मग जा आणि दे रक्त. सुईच तर आहे. तलवार थोडीच आहे?"

"सुईचं नाही गं. साखर निघाली तर?"

"निघाली तर निघाली. तपासली नाहीस म्हणून ती काय निघून जाणार आहे?"

बायकांचं असंच असतं, त्या मुद्द्याला हात घालतात. मला मुद्दा नको होता, धीर हवा होता. धीर शोधायला मी शेजारी गेलो आणि तिथून सगळं बिघडलं.

आमचे शेजारी नोंग बिएन साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करायचे, आता निवृत्त आहेत. माझ्यापेक्षा वयानं मोठे, म्हणून नोंग. त्यांना प्रेशरही आहे आणि साखरही, आणि त्या जोरावर गल्लीत त्यांचं मत डॉक्टरच्या वरचं समजलं जातं. त्यांच्या गोळ्या बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात असतात. कुणी पाहुणा आला की ते झाकण उघडून दाखवतात, लोक लग्नाचा अल्बम दाखवतात तसं.

"पोल्दो," ते मला म्हणाले, "तपासणी ही परीक्षा आहे. परीक्षेला कुणी अभ्यास न करता बसतं का?"

मला हे फार पटलं. डॉक्टर बाईंना माझी साखर बघायची होती, मला परीक्षेत पास व्हायचं होतं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आपण तपासणीपूर्वी साखर खाली आणू, तपासणी होऊ देऊ, बाईंचं समाधान होईल आणि माझ्या नावाचा कागद निदान काही वर्षं कोरा राहील. एवढा साधा बेत होता.

अभ्यासासाठी मला चॅपेलजवळच्या नांग लोलिंगकडे पाठवण्यात आलं. नांग म्हणजे थोरली ताई. ती झाडपाल्याची औषधं विकते. तिनं माझी जीभ पाहिली, नखं दाबली आणि सांगितलं की माझ्या अंगात साखर काळजीमुळे येते आहे.

"काळजी कशामुळे येते?" मी विचारलं.

"साखरेमुळे," ती म्हणाली. तिनं मला कडू कारल्याचा रस दिला. रोज सकाळी घ्यायचा, उभ्यानं, पूर्वेकडे तोंड करून. पहिल्या घोटाला माझे कान हलले. दुसऱ्या घोटाला मला माझे वडील आठवले. पण तिचं खरं औषध तिची जीभ होती. संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीला कळलं की पोल्दोला साखर झाली आहे. अजून रक्ताचा थेंब निघाला नव्हता, आणि खालच्या आळीतली एक बाई साल्वाला भेटून गेली. जाताना तिनं साल्वाचा हात दोन्ही हातांत धरला.

मी पहिल्यांदा उपाशी राहून प्रयोगशाळेत गेलो तेव्हा तिथल्या मुलीनं सांगितलं की रसायन संपलं आहे, जत्रेनंतर या. मला इतका आनंद झाला की मी समोरच्या टपरीवर दोन पिआया खाल्ल्या. पिआया म्हणजे आत गूळ भरलेली चपटी पोळी. ती खाताना माझ्या लक्षात आलं की आपण साखरेच्या भीतीतून सुटल्याचा आनंद साखर खाऊन करतो आहोत, आणि तिसरी परत ठेवली.

मग जत्रा आली. आमच्याकडे जत्रेत दाराला कडी नसते. ओळखीचा, बिनओळखीचा, जो येईल त्याला जेवू घालायचं आणि आपणही प्रत्येकाच्या घरी जाऊन जेवायचं. नाही म्हणणं हा अपमान. साल्वा दोन दिवस चुलीपुढून हलली नव्हती. आख्खं डुक्कर भाजलं गेलं, त्याची कातडी पापडासारखी कुरकुरीत झाली होती, आणि मी कोपऱ्यात काकडी खात बसलो होतो. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून आवाज खाली आणायचा.

"साखर ना?" एक जण हळूच म्हणाला.

"अजून तपासलेली नाही."

"हं. माझ्या मेहुण्याचंही असंच म्हणणं होतं." पुढे मेहुण्याचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, मेहुण्याचा दाखला मीच टाईप केला होता.

जत्रा संपली आणि पळवाट उरली नाही. तपासणीच्या सकाळी नोंग बिएन कुंपणापाशी आले. त्यांनी डब्यातून एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही माझी. हिनं साखर धाडकन खाली येते. अर्धी घे."

"पण मला अजून साखर आहे की नाही तेच माहीत नाही."

"म्हणून तर अर्धी."

मी आत जाऊन गोळीकडे बघितलं. अर्धी गोळी म्हणजे अर्धा पास, असं माझ्या मनानं घेतलं. मी आख्खी गिळली, वरून कारल्याचा रस प्यायलो आणि रिकाम्या पोटी निघालो. रिक्षा केली नाही. चालल्यानं साखर उतरते असं डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या. तेवढं एकच मी त्यांचं ऐकलं.

प्रयोगशाळेत रांग होती. माझी पाळी आली तेव्हा काचेमागची मुलगी म्हणाली, "चिठ्ठीवर प्रेशर लिहिलेलं नाही. दवाखान्यातून शिक्का मारून आणा."

"ते नंतर दिलं तर?"

"शिक्का हवा."

मी स्वतः खिडकीमागे बसणारा माणूस आहे. शिक्का हवा, हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं आहे आणि त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मान डोलावली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई बाहेर लसीकरणाला गेल्या होत्या. परिचारिकेनं प्रेशर घेतलं, शिक्का मारला, आणि मी परत निघालो.

बाजारापाशी माझे हात थरथरायला लागले. आधी मला वाटलं, भूक. मग शर्ट पाठीला चिकटला, थंडगार घामानं. लोकांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येऊ लागले. भाजीवालीनं मला काहीतरी विचारलं आणि मला तिचं तोंड हलताना दिसलं, शब्द ओळखू येईनात. माझं काळीज असं धडधडत होतं की ते वरच्या ओळीतलं कारण बनायला निघालं आहे याची मला खात्री पटली. झटका आला, मी ठरवलं. असाच येतो तो. मला साल्वाला हाक मारायची होती पण ती घरी, आणि रस्ता एकदम लांबलचक झाला होता. जवळचं दार नगरपालिकेचं होतं. मी माझ्याच कार्यालयात शिरलो, माझ्याच खिडकीपुढे, रांगेतल्या लोकांमध्ये, आणि गुडघे मोडून खाली बसलो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आमच्या साहेब, मॅडम पेर्ला, कुणाच्या तरी जन्मदाखल्यानं मला वारा घालत होत्या. रोमुलो माझे पाय चोळत होता. रांगेतला एक जण म्हणाला, प्रेशर आहे, कान ओढा. दुसऱ्यानं कान ओढले. नोंग बिएन कुठून तरी उगवले आणि म्हणाले, "सरका, मला यातलं कळतं." गोळीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. साल्वाला कुणीतरी रिक्षानं आणलं. ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिचे हात कांद्याच्या वासाचे होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रोज खिडकीपलीकडच्या चेहऱ्यांवर बघतो, आणि त्या क्षणी मला मरणापेक्षा तिच्या त्या चेहऱ्याची भीती वाटली.

"त्याला काहीतरी गोड पाजा," एक बाई म्हणाली.

"छे, छे," चारपाच आवाज एकदम आले. "त्याला साखर आहे."

त्या अफवेनं माझा जीवच घेतला असता. तेवढ्यात डॉक्टर बाई धावत आल्या. त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली, हातातलं छोटं यंत्र बघितलं आणि त्यांचा गोड आवाज पार गेला.

"त्रेचाळीस. साखर आणा. ताबडतोब."

तुम्हाला सांगितलं तर खोटं वाटेल. आमच्या गावाच्या चहूबाजूंनी ऊस आहे, कारखान्याच्या धुराड्याचा वास आमच्या उशांना येतो, आणि त्या दिवशी आख्ख्या नगरपालिकेत चिमूटभर साखर मिळेना. सगळ्यांनाच प्रेशर, सगळ्यांनाच साखरेची धास्ती. मॅडम पेर्लांच्या खणात पुड्या होत्या, पण त्या साखरेऐवजी घालायच्या पावडरच्या. रोमुलोनं दोन फोडल्यासुद्धा. डॉक्टर बाईंनी त्या त्याच्या हातातून उडवल्या. शेवटी लग्नाच्या परवान्यासाठी रांगेत उभी असलेली एक मुलगी पुढे आली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत ओतलेलं संत्र्याचं सरबत होतं, नळीसकट. तिनं नळी माझ्या तोंडाला लावली.

"हळू प्या, ताताय," ती म्हणाली. मी एका अनोळखी नवरीच्या पिशवीतून, आख्ख्या गावासमोर, लहान मुलासारखं सरबत ओढत होतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कमावलेली अब्रू त्या नळीवाटे गेली. पण हळूहळू आवाज पाण्यातून वर आले. साल्वाचा चेहरा पुन्हा साल्वाचा झाला, म्हणजे रागावला.

"काय घेतलंस सकाळी?" तिनं विचारलं.

मी नोंग बिएनकडे बघितलं. ते भिंतीवरची कार्यालयीन वेळ वाचत होते.

सगळं बाहेर आल्यावर डॉक्टर बाई मला काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, त्या मला आणि साल्वाला दवाखान्यात घेऊन गेल्या, मला खायला लावलं, मला खाटेवर निजवून दिवसभर पुन्हा पुन्हा बोट टोचत राहिल्या, आणि नळीभर रक्तही काढून घेतलं.

"ही गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी आहे. हिला तुमचा कारल्याचा रस कळत नाही आणि शेजाऱ्यांची गोळीही कळत नाही." मग त्यांनी साल्वाकडे पाहिलं. बाबा जसे ताताय, तशी आई नानाय. "नानाय, तुम्हीही प्रेशरची गोळी घेता ना? तुमची साखर कधी पाहिली?"

"माझी?" साल्वा हसली. "मला कुठं वेळ आहे आजारी पडायला. याचंच बघा."

"हात द्या इकडे."

साल्वानं हात दिला तो मला दाखवायला, की बघ, सुईला घाबरत नाहीत माणसं. थेंब आला. यंत्रानं थोडा वेळ घेतला. डॉक्टर बाईंनी आकडा पाहिला, पट्टी बदलली, दुसऱ्या बोटाला टोचलं, पुन्हा पाहिला. तीनशेच्या बऱ्याच वर होता.

मी खाटेवर उठून बसलो.

"तहान लागते फार?" बाईंनी विचारलं.

"चुलीपुढे असते ना मी."

"सारखं लघवीला?"

"पाणी पितेच इतकं."

"पायांना मुंग्या?"

"येत होत्या. आता नाही येत. गेलं ते." साल्वा हे चांगली बातमी दिल्यासारखं म्हणाली.

बाई खाली बसल्या. "चप्पल काढा."

उजवी निघाली. डावी निघेना. साल्वानं पाय झटकला, तरी चप्पल पायालाच. बाईंनी तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला, चप्पल अलगद वाकवली आणि थांबल्या. चॅपेलला पताका लावायला बायकांनी पितळी टोपीच्या पिना वापरल्या होत्या. त्यातली एक खालून चपलेतून आरपार जाऊन साल्वाच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतली होती. जत्रेच्या आदल्या दिवसांपासून चप्पल घालताना ती रोज त्याच जागी टोचत आली असणार. भोवतीचं मांस काळसर झालं होतं आणि चपलेत ओल होती. तिच्यावर उभं राहून साल्वानं आख्ख्या गावाला जेवू घातलं होतं.

बाईंनी चिमट्यानं पिन ओढली. मी डोळे मिटले. साल्वा मला म्हणत होती, "भात झाकून आलेय, मांजर शिरलं नसेल म्हणजे मिळवली." तिला काहीच कळलं नव्हतं.

त्याच दुपारी बाईंनी तिला बाकोलोद शहरातल्या मोठ्या रुग्णालयात धाडलं. मला मात्र त्यांनी संध्याकाळपर्यंत खाटेवरून हलू दिलं नाही, कारण नोंग बिएनची गोळी अजून पोटात होती. साल्वा रुग्णवाहिकेत स्वतः चढली. नवरा खाटेवर सरबत पीत पडलेला आणि पायात भोक असलेली बायको, जेवून घे म्हणून त्याला बजावत निघालेली. मी खूप वर्षं भीती माझीच आहे असं धरून चाललो होतो. त्या दुपारी ती भीती साल्वाबरोबर दारातून बाहेर जाताना दिसली.

रुग्णालयात शल्यविशारदांनी जखम साफ केली आणि सांगितलं, "वाट बघू. हाडापर्यंत गेलं असेल तर बोट काढावं लागेल. त्यावर गेलं तर आणखी." आणखी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. त्या शब्दाच्या पुढच्या पायऱ्या मला टाईप करून माहीत होत्या.

आणि अशा वेळी खिडकी आली. सरकारी विम्याच्या खिडकीवरच्या माणसानं पडद्यावर बघून सांगितलं, "पेशंट पुरुष आहे."

"ती माझी बायको आहे."

"इथं साल्वादोर आहे. पुरुष."

"साल्वासिओन. बाई आहे. वर तिसऱ्या मजल्यावर आहे, बघून या."

"मी बघून काय करू? जन्मदाखला दुरुस्त करून आणा."

साल्वाची जन्मनोंद आमच्याच कार्यालयातली, कुणीतरी माझ्या आधीच्यानं केलेली. मी पहाटेची बस धरून गावी आलो आणि सरळ आत शिरू लागलो. मॅडम पेर्लांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पोल्दो, अर्जदारानं खिडकीबाहेर उभं राहायचं असतं."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढे दोघं होते. रोमुलोनं मला अर्ज दिला, मी भरला, त्यानं एक रकाना राहिल्याचं दाखवलं, मी तो भरला. नियमाप्रमाणे नोटीस फलकावर लावायची होती. मॅडमनी मला नोटीस दिली आणि वर पितळी टोपीची पिन दिली. ती तळहातावर घेतली आणि मला पुढे काही करताच येईना. मी फलकापुढे नुसता उभा राहिलो. मॅडम पेर्ला बाहेर आल्या, माझ्या हातातून पिन काढून घेतली आणि चिकटपट्टीनं नोटीस लावली. मग आत जाऊन त्यांनी स्वतः रुग्णालयाला फोन केला. दार उघडं होतं. "ती बाई आहे," त्या गाण्यासारख्या आवाजात सांगत होत्या, "मी तिच्या लग्नात नाचलेली आहे. दुरुस्ती येईपर्यंत तुम्ही तिचा इलाज थांबवलात तर मी स्वतः तिथं येऊन बसेन." ह्या वेळी ही धमकी आहे हे मला जागच्या जागी कळलं. इलाज थांबला नाही.

आमची मुलगी गिनालिन रियाधमध्ये परिचारिका आहे. ती रोज फोनच्या पडद्यावर येऊन आईला पाय समोर धरायला सांगायची. दुसऱ्यांच्या आयांची देखभाल करणारी मुलगी, एके दिवशी बोलताना एकदम थांबली. "बाबा, आईला साखर आहे हे मला कळायला हवं होतं," ती म्हणाली.

"कुणालाच नाही कळलं, बेटा."

"आई, तुला तरी?"

"मला भाताची काळजी होती," साल्वा म्हणाली. मुलगी हसली आणि मग पडदा बंद झाला. नेट गेलं असं तिनं नंतर सांगितलं.

माझा निकाल त्याच आठवड्यात आला. मी काठावर होतो. अजून साखर म्हणायची नाही, पण म्हणायला फार वेळ लागणार नाही, अशी. डॉक्टर बाईंनी खाणं, चालणं, मीठ कमी, सगळं सांगितलं. मी इतकी मेहनत घेऊन जी परीक्षा दिली तिच्यात मी जवळजवळ पास होतो, आणि मला त्या निकालाचं काहीच वाटलं नाही. मी तो घडी करून खिशात घातला आणि साल्वाच्या जखमेची पट्टी बदलायची वेळ झाली म्हणून बस धरून बाकोलोदला गेलो.

बोट वाचलं. जखम भरायला पुष्कळ आठवडे लागले आणि रोज सकाळी पट्टी उघडताना मी भिंतीवरच्या पालीकडे बघत असे, पण बोट वाचलं. साल्वा इन्सुलिन टोचायला शिकली. मला शिकवायला गेली तेव्हा सुई बघून मीच खुर्चीत बसलो. नोंग बिएन रुग्णालयात भेटायला आले ते मान खाली घालून. त्यांनी बिस्किटांचा डबा आणला होता. उघडला तर आत बिस्किटं होती, बिनसाखरेची. साल्वानं त्यांना एक शब्द सुनावला नाही, फक्त म्हणाली, "नोंग, आधी तुम्ही खा. परीक्षा होऊ दे." त्यांनी खाल्लं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही बाकीची परिचारिकांना दिली.

घरी आल्यावर डॉक्टर बाईंनी मला एक काम लावून दिलं. रोज संध्याकाळी साल्वाचे पाय बघायचे. बोटांच्या बेचक्यात, टाचेला, तळव्याला. तिनं डोळे मिटायचे, आपण कापसाचं टोक एकेका बोटाला लावायचं आणि विचारायचं, कळतंय का. कळण्याची जागा वाढते आहे की घटते आहे ते त्यावरून समजतं.

म्हणून आम्ही दाराच्या पायरीवर बसतो. मी चष्मा लावतो, तिचा पाय मांडीवर घेतो. येणारेजाणारे बघतात. पहिले काही दिवस मला संकोच वाटला. नगरपालिकेतला माणूस बायकोचे पाय धरून रस्त्यावर बसला आहे, यावर खालच्या आळीत बरीच चर्चा झाली. साल्वा घाईत असते.

"झालं का? मासा करपेल."

"डोळे मीट. इथं कळतंय?"

"हो."

"इथं?"

"हो रे बाबा. सगळीकडे कळतंय."

रोज तिचं उत्तर हो असतं, अगदी चटकन. मला बरं वाटायचं. मी गिनालिनला कळवायचो, आईला सगळीकडे कळतंय.

परवा कापूस लावता लावता माझा हात थांबला. का, ते मलाही सांगता येणार नाही. तिचे डोळे मिटलेले होते. चेहरा शांत होता, थोडा माझ्याकडे वळवलेला, माझा आवाज ऐकायला असावा तसा. मी हात मागे घेतला. कापूस माझ्या गुडघ्यावर होता. तिच्या पायाला कशाचाही स्पर्श नव्हता.

"इथं कळतंय?" मी विचारलं.

"हो," साल्वा म्हणाली.



"बरं," मी म्हणालो आणि तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.